पाण्याखालचा तुकडा

शहरात एकूण त्रेसष्ट पियानो होते आणि ते सगळे चावीवाल्यांना ओळखत होते, असं त्यांची बायको म्हणायची. खरं तर उलट म्हणायला हवं, पण तिचं म्हणणं असं की हा माणूस घरात शिरला तर मुलीलासुद्धा पत्ता लागत नाही, आणि कुणाच्याही दिवाणखान्यात पाऊल टाकलं की तिथला पियानो सावरून बसतो. त्रेसष्टातले वाजवले जाणारे वीस-बावीस असतील. बाकीच्यांवर फुलदाण्या आणि फोटो ठेवलेले असायचे. पण फुलदाणीखालच्या पियानोचाही सूर उतरतो, तारा सैल होतात, आणि वर्षातून दोनदा कुणीतरी येऊन त्या ताणाव्या लागतात. ते काम चावीवाल्यांचं. हातात ती लोखंडी चावी, खांद्यावर पिशवी, पिशवीत तारा दाबून धरायच्या नमद्याच्या पाचरी आणि सूर पडताळायचा एक स्वरकाटा. तीस वर्षं पिशवी एकाच खांद्यावर राहिल्यामुळे डावा खांदा दोन बोटं खाली आला होता आणि शिंपी दर वेळी त्यावरून कुरकुर करायचा.

माणूस गरीब स्वभावाचा, पण त्याच्याबरोबर बाहेर जाणं म्हणजे शिक्षा. कुणाचं फाटक कुरकुरलं की हे थांबून त्याचा सूर सांगणार. हॉटेलात बसले की चमच्याने पेल्यांवर टकटक सुरू. शेवटी बायकोने नियमच केला होता की जेवण येईपर्यंत चमचा तिच्याकडे राहील.

ही विद्या त्यांना मामांनी दिली. मामा शहरातले त्याआधीचे चावीवाले. त्यांचं एक शास्त्र होतं: सगळ्या तारा जुळवून झाल्या की शेवटी तपासणीसाठी एक तुकडा वाजवायचा, आणि तो जन्मभर एकच ठेवायचा. "लग्नासारखं आहे बघ ते," मामा म्हणायचे. "सारखा बदलत राहिलास तर चूक तुझी की समोरच्याची, हे तुला कधीच कळणार नाही." मामांचा स्वतःचा तुकडा म्हणजे एक अंगाईगीत होतं. ते अकरा पट्ट्यांत संपायचं. उरलेल्या सत्त्याहत्तर पट्ट्या मामा विश्वासावर सोडून द्यायचे.

भाच्याने मात्र असा तुकडा निवडला जो खालच्या जाड तारांपासून वरच्या किणकिणणाऱ्या पट्ट्यांपर्यंत सगळीकडे हिंडून येतो. डावा हात एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असा झुलत राहतो आणि उजव्या हाताचे सूर बुडबुड्यांसारखे वर वर जातात. मामांनी तो एकदा ऐकला, "बराच हिंडतो," एवढंच म्हणाले आणि कुठून आणलास ते काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढची सगळी भानगड टळली असती, पण मामांना जेवणाची घाई होती.

तुकडा आला होता मावशीच्या टीव्हीतून. चावीवाले अकरा-बारा वर्षांचे असताना मावशीकडे टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन होतं आणि त्यात घालायच्या कॅसेट होत्या. एका कॅसेटमध्ये डोक्यावर दिवा लावलेला एक बुटका खाणकामगार होता. त्या बुटक्याचे एकूण पाच भाग निघाले. तिसऱ्या भागात बोगद्यात पाणी भरतं, बुटका पोहत पलीकडे जातो, आणि तो पाण्यात असेपर्यंत मागे हे संगीत वाजत राहतं. अठ्ठेचाळीस सेकंद झाली की पुन्हा पहिल्यापासून. चावीवाल्यांनी तो टप्पा कधीच पार केला नाही. मावसभावाच्या मते कारण साधं होतं: "हा बटणं दाबायचं सोडून ऐकत बसायचा. तिकडे बुटका बुडायचा आणि इकडे हा मान हलवायचा."

आता बाईंविषयी. पियानो शिकवणाऱ्या बाई शहरात आणखीही होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की त्या एकच. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, एकीत पियानो आणि दुसरीत बाकीचं आयुष्य. टीव्ही नाही, कधी नव्हताच. चुकीचा सूर लागला की त्या ओरडायच्या नाहीत, फक्त डोळे मिटून घ्यायच्या, आणि विद्यार्थ्यांना त्यापेक्षा ओरडणं परवडलं असतं. मामांच्या आधी त्यांनी तीन चावीवाले घालवले होते. मामा टिकले, कारण मामांना वरचं ऐकूच येत नव्हतं आणि बाईंच्या टोमण्यांची फेक नेमकी तेवढ्याच उंचीवर असायची.

मामा थकल्यावर बावीस वर्षांचा भाचा पहिल्यांदा एकटा बाईंकडे गेला. अडीच तास घाम गाळून त्याने तारा जुळवल्या आणि आपला तुकडा वाजवला. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते. आता आपली हकालपट्टी, असं त्याला वाटलं, पण डोळे उघडून बाई म्हणाल्या, "काय वाजवलंत हे?"

इथे माणसाने खरं सांगून टाकावं. पण बाविसाव्या वर्षी, अशा बाईंसमोर, 'टीव्हीवरच्या बुटक्याचं' हे शब्द तोंडातून निघत नाहीत.

"जुनं आहे, बाई," तो म्हणाला. "फार जुनं."

"कोणाचं?"

"नाव नाही माहीत. मामांकडून आलंय."

"आणि याचा शेवट? मध्येच का थांबलात?"

"शेवट... मामांनाही येत नव्हता."

मामांना अंगाईगीताचाही शेवट धड येत नव्हता, त्यामुळे हे शेवटचं वाक्य तेवढं खरं म्हणता येईल.

बाईंनी चहा दिला, बरोबर दोन बिस्किटं दिली, आणि एका माणसाचं आयुष्यभराचं लचांड तिथे सुरू झालं. सहा महिन्यांनी तो पुन्हा गेला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवट सापडला का?" त्यानंतर दर सहा महिन्यांनी तेच. बाईंनी जाडजाड ग्रंथ चाळले. दूरच्या एका ग्रंथालयाला चार पानी पत्र लिहिलं, त्यांचं सभ्य भाषेत नकाराचं उत्तर आलं. हळूहळू त्यांचं मत पक्कं होत गेलं की हा तुकडा दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी दरबारी वादकाचा असावा, बिचारा तरुण वयात गेला असावा आणि म्हणून तो अपुरा राहिला असावा. "अकाली गेलेल्याचं दुःख आहे त्यात," बाई म्हणायच्या. चावीवाले मान खाली घालून बिस्किट चहात बुडवायचे. बुटकाही अकालीच जायचा, रोज पंधरा-वीस वेळा, हे त्यांनी मनातल्या मनात ठेवलं.

दर वर्षी खरं सांगणं आणखी अवघड होत गेलं. पहिल्या वर्षी ती थाप होती, पाचव्या वर्षी फसवणूक झाली, आणि पंधराव्या वर्षी तर बाईंची ती श्रद्धाच होऊन बसली. घरी बायकोला सगळं ठाऊक होतं. "अहो, सांगून टाका," ती म्हणायची. "पुढच्या खेपेला," हे म्हणायचे. अशा साठ खेपा झाल्या.

बाईंनी तो तुकडा कुठल्याच विद्यार्थ्याला शिकवला नाही. शेवट नसलेलं काही मी शिकवत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या तो एकट्याच वाजवायच्या, आणि अठरा वर्षं वाट पाहून झाल्यावर त्यांनी शेवट स्वतःच लिहायला घेतला. सोळा मात्रांची एक ओळ, अशा चार ओळी. त्याला अकरा वर्षं लागली. लिहायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. जन्मभर दुसऱ्यांचं वाजवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःचं म्हणून रचलेलं तेवढंच.

बाई एकोणऐंशीच्या झाल्या, बोटांची पेरं सुजायला लागली, आणि त्यांनी शिकवणं थांबवायचं ठरवलं. जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेचं सभागृह घेऊन निरोपाचा कार्यक्रम ठरवला. पुढाकार दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. ही बाईंची एकेकाळची विद्यार्थिनी. सूर चुकायची ती चुकायचीच, पण कार्यक्रम ठरवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तिने चावीवाल्यांना फोन केला.

"काका, शेवटचा तुकडा बाई स्वतः वाजवणार आहेत. पत्रिकेत असं छापतेय: 'अज्ञात रचनाकार, अंदाजे दोनशे वर्षांपूर्वी. शेवट: बाई.' तो तुमच्याकडूनच मिळाला ना? बरोबर आहे ना हे?"

चावीवाल्यांनी भिंतीला हात टेकला. सभागृहात कोण येणार होतं? पंचेचाळिशी-पन्नाशीचे जुने विद्यार्थी आणि त्यांचे नवरे, बायका, भाऊ. म्हणजे नेमकी तीच माणसं, जी लहानपणी त्या पाण्यात बुडून बुडून मोठी झाली होती. पहिल्या चार सुरांत अर्ध्या सभागृहाला बुटका आठवणार होता. लोक हसणार होते, आणि एवढ्या वर्षांत कुणाचंही हसू अंगावर न घेतलेल्या बाईंना ते का हसताहेत हेच कळणार नव्हतं.

"एक दोन दिवस थांब छापायला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते बाईंकडे गेले. सहा महिने झालेले नव्हते, त्यामुळे बाईंनी दार उघडताच विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही, बाई. बसू का?"

ते बसले आणि सांगितलं. मावशी, टीव्ही, कॅसेट, बुटका, पाणी, काहीही न गाळता. आवाज इतका बारीक झाला होता की बाईंना पुढे वाकावं लागलं. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग एखाद्या विद्यार्थ्याची उलटतपासणी घ्यावी तसं त्यांनी सुरू केलं.

"म्हणजे तो पाण्यात असेपर्यंत हे वाजतं?"

"हो."

"आणि बाहेर आला की?"

"दुसरं वाजतं म्हणतात. मी कधी बाहेर आलो नाही."

"आणि बुडला की?"

"एकदम बंद होतं. मग परत पहिल्यापासून."

"म्हणजे याला शेवट कधी नव्हताच."

"नाही, बाई."

"अकरा वर्षं," बाई म्हणाल्या. त्यांनी पियानोचं झाकण मिटलं. "तुम्ही या आता."

चहा झाला नाही. जिन्यावरून उतरताना चावीवाल्यांच्या लक्षात आलं की तीस वर्षांत या घरातून ते पहिल्यांदाच बिस्किट न खाता निघालेत, आणि त्यांना अगदी भडभडून आलं. त्रेसष्ट पियानोंत हा एकच असा होता ज्याच्यासाठी ते आदल्या दिवशी नखं कापायचे. घरी जाऊन ते बायकोला म्हणाले, "सांगितलं." ती म्हणाली, "बरं केलंत," आणि त्यांच्या पानात वाढता वाढता थांबली, कारण समोरचा माणूस पेल्यावर चमचा आपटत नव्हता.

दहा दिवस काही कळलं नाही. अकराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"काका, बाईंचा निरोप आहे. परवा सकाळी नऊला सभागृहातला पियानो जुळवायचा. आणि..." ती जरा घुटमळली. "तपासणीचा तुकडा वाजवायचा नाही म्हणाल्या."

"बरं," चावीवाले म्हणाले.

"तुमचं काही झालंय का? बाई रोज दुपारी आमच्याकडे येऊन बसायच्या. माझ्या नवऱ्याला माळ्यावर चढवलं आणि त्याचं जुनं मशीन खाली काढायला लावलं. तो खेळायचा, त्या ऐकायच्या. बिचाऱ्याला त्या पाण्यातून बाहेर पडू देईनात. चार दिवस त्याने तो बुटका एका जागी तरंगत ठेवला. अंगठा सुजलाय त्याचा."

कार्यक्रमाच्या सकाळी चावीवाल्यांनी तारा जुळवल्या, पाचरी गोळा केल्या आणि एकही सूर जास्तीचा न वाजवता झाकण लावलं. कुलूप लागलं की नाही ते न बघताच घरातून निघाल्यासारखं त्यांना दिवसभर वाटत राहिलं. पियानो ठीक होता का? माहीत नाही. मामांच्या सत्त्याहत्तर पट्ट्यांसारखा तोही विश्वासावरच सोडला होता.

संध्याकाळी ते बायकोबरोबर सगळ्यात मागच्या रांगेत, दाराजवळ बसले. हसण्याचा पहिला आवाज आला की उठून जायचं, असं त्यांचं ठरलेलं. हातातली पत्रिका त्यांनी उघडलीसुद्धा नाही. विद्यार्थ्यांनी वाजवलं, डॉक्टरीणबाईंनी वाजवलं, बाईंनी दोनदा डोळे मिटले. मग बाई स्वतः उठल्या आणि पियानोकडे न जाता ध्वनिक्षेपकासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आता जो तुकडा वाजवणार आहे," त्या म्हणाल्या, "तो टीव्हीवरच्या एका खेळातला आहे. पाण्याखालच्या टप्प्याचा. तुमच्यातल्या पुष्कळांना तो माझ्या आधीपासून येतो. मला तो चावीवाल्यांनी दिला. त्याला शेवट नाही, शेवट मी बसवला आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. नंतर मला शांतता लागेल."

सभागृह हसलं, मोकळेपणाने हसलं, आणि बाई हात पाठीमागे बांधून ते संपायची वाट बघत उभ्या राहिल्या. एक-दोघांचं लांबलं, तेव्हा त्यांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग त्या जाऊन बसल्या.

पहिल्या चार सुरांना टक्कल पडलेली कितीतरी डोकी एकदम वर झाली. मधल्या रांगेतल्या एका पोक्त गृहस्थाचे दोन्ही अंगठे मांडीवर आपोआप हलायला लागले. बाईंनी तुकडा एकदा वाजवला, दुसऱ्यांदा वाजवला, अगदी खेळातल्यासारखा, थेट पहिल्यापासून. सुजलेली बोटं दोन ठिकाणी अडखळली. तिसऱ्या वेळी, जिथे परत मागे जायचं तिथे त्या मागे गेल्या नाहीत.

डावा हात झुलायचा थांबला. उजव्या हाताचे सूर एकेक करत वर निघाले, सावकाश, मध्ये थांबत, आणि सगळ्यात वरच्या पट्ट्यांवर येऊन पसरले. अकरा वर्षांच्या त्या चार ओळी. कुणी खोकलंसुद्धा नाही. चावीवाल्यांनी हा शेवट पूर्वी कधी ऐकला नव्हता, तो पुरा झाल्याशिवाय बाई कुणालाच ऐकवणार नव्हत्या. चाळीस वर्षांपूर्वी मावशीच्या घरात शेकडो वेळा बुडालेला तो माणूस मागच्या रांगेत बसून होता आणि त्याला पहिल्यांदाच कुणीतरी पाण्याबाहेर काढत होतं. त्यांचे डोळे भरून आले. बायकोने न बघता रुमाल पुढे केला.

टाळ्या संपल्या, फुलं देऊन झाली, गर्दी पांगली. चावीवाले पडद्यामागे गेले. बाई खुर्चीत बसून बोटं चोळत होत्या.

"वरचा सूर खणखणीत लागला होता," बाई म्हणाल्या. "आणि एक सांगते. दुसऱ्या ओळीतला चौथा सूर तुम्ही तीस वर्षं चुकीचा वाजवताय. मी चार दिवस ऐकून खात्री करून घेतली."

"हो, बाई."

"बुटका तरी बरोबर वाजवतो."

"हो, बाई."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "का नाही सांगितलंत तेव्हा?"

"तुम्ही हसाल असं वाटलं."

"हसलेच असते हो," बाई म्हणाल्या. "खूप हसले असते. माझ्या घरी येऊन असं कुणी काही वाजवतच नसे." त्यांनी बोटं चोळायची थांबवली. "पण मग ही तीस वर्षं दोघं मिळून हसलो असतो ना."

चावीवाले बाजूची खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.